पेडलबोर्डवरून पेडल पुन्हा पुन्हा सुटतंय? आधी बघा, सुटलं कुठून

गिटारचा आवाज बदलणारा, पायाने दाबायचा छोटा डबा म्हणजे पेडल, आणि अशी पेडलं ज्या फळीवर किंवा चौकटीवर बसवतात तो पेडलबोर्ड. तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: वेल्क्रो लावला होता, तरी पेडल निघालं. मग नवा वेल्क्रो येतो, जुन्याच जागी चिकटतो, एक-दोन कार्यक्रम नीट पार पडतात आणि पुढच्या वेळी ऐन सोलोच्या तोंडावर ओव्हरड्राइव्हचं पेडल पायाखालून सरकतं. पाय ते शोधत राहतो, गाणं पुढे निघून जातं. असं वारंवार होत असेल तर दोष सहसा वेल्क्रोच्या पकडीत नसतो, त्यामुळे तो बदलूनही त्रास संपत नाही.

सुटलेलं पेडल उलटं करा आणि बोर्डवरची त्याची जागाही बघा. पेडल आणि बोर्ड यांच्यात तीन जोड असतात. पेडलचा तळ आणि त्याला लावलेल्या पट्टीचा गोंद, हा पहिला. काट्यांची पट्टी आणि मऊ पट्टी एकमेकींत अडकतात, तो दुसरा. खालच्या पट्टीचा गोंद आणि बोर्ड, हा तिसरा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून बोर्डवरच राहिल्या आणि पेडलचा तळ उघडा पडला, तर पहिला जोड गेला. दोन्ही पट्ट्या पेडलबरोबर उपटून आल्या, तर तिसरा. पेडलवर पेडलची आणि बोर्डवर बोर्डची पट्टी शाबूत असेल, तरच वेल्क्रोची पकड कमी पडली असं म्हणता येईल. माझ्यासमोर येणाऱ्या बोर्डांत पहिला प्रकार इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो.

पहिला जोड: रबरी तळ

बॉस कंपनीचं कुठलंही छोटं पेडल हातात घ्या. १९७७ साली ही मालिका सुरू झाली आणि आजही साचा तोच ओळखीचा आहे: साधारण ७३ मिमी रुंद, १२९ मिमी लांब, तळाला रबराची चादर. आयबनेझच्या टीएस९ला आणि एमएक्सआरच्या छोट्या डब्यांनाही खाली असाच थर असतो. पेडल लादीवर किंवा लाकडी स्टेजवर ठेवून वाजवताना घसरू नये, यासाठी तो दिलेला आहे. त्यावर उद्या कुणी पट्टी चिकटवेल हा विचार त्यामागे नाही.

अशा मऊ थरावर गोंद दोन कारणांनी हरतो. पाय पडला की रबर दबतं आणि पसरतं, पट्टीची पाठ त्याच्याबरोबर पसरत नाही, आणि प्रत्येक दाबाला गोंदाची कड थोडी थोडी उचलली जाते. दुसरं कारण रासायनिक आहे. मऊ रबर आणि मऊ प्लास्टिक लवचिक राहावं म्हणून त्यांत तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू वर येतात आणि गोंदात शिरतात. मग काही आठवड्यांनी पट्टी ओढली की गोंद पाकासारखा तार धरतो. बोटाला तशी तार लागली तर समजा, त्याच रबरावर दुसरी कितीही महाग पट्टी लावली तरी तिची तीच गत होणार.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रबर काढणं. हेअर ड्रायरने तळ चांगला कोमट करा, एका कोपऱ्याखाली जुनं एटीएम कार्ड सरकवा आणि घाई न करता सोलत जा. झटका दिला तर रबर फाटतं. काढलेलं रबर फेकू नका. त्यावर मजकूर आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी असते आणि पेडल विकायची वेळ आली तर घेणारा तीच बघतो. सपाट वहीत घालून ठेवा, शिवाय फोटोही काढून ठेवा. रबराखालच्या पत्र्यावर जुना गोंद उरतो. तो नीलगिरीच्या तेलाने किंवा थोड्या रॉकेलने भिजवला की निघतो. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नका, पेडलच्या रंगावर आणि प्लास्टिकच्या भागांवर ओघळ गेला तर कायमचा डाग पडेल.

काही जणांना मूळ पेडलला हात लावायचा नसतो, विशेषतः जुनं, जपानी बनावटीचं पेडल असेल तर. त्यांची भावना मला पूर्ण पटते. त्यांनी तळाचा पत्राच बदलावा. बॉसचा तळ चार स्क्रूंवर असतो. ते काढले की मूळ पत्रा रबरासकट बाजूला ठेवता येतो आणि त्याच मापाचा दुसरा पत्रा बसतो. तयार पत्रा मिळाला तर उत्तम, नाहीतर फॅब्रिकेशनवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा कापून, मूळ पत्रा वर ठेवून भोकं पाडून घेता येतात.

रबर काढायचं नाही, पत्राही बदलायचा नाही आणि पट्टी मात्र टिकायला हवी, यावर एक तिसरा मार्ग लोक काढतात: चपला-बुटांना लावतात तो रबरी गोंद. तो रबराला खरंच धरतो. पण नंतर पट्टी काढायची झाली तर रबरही फाटून येतं, म्हणून मी तो सुचवत नाही. फेव्हिक्विक तर नकोच. तो वाळल्यावर ठिसूळ होतो, पायाच्या धक्क्यांनी तडकतो आणि पातळ असल्याने वाहत स्क्रूंच्या आट्यांत शिरतो. नंतर बॅटरी बदलायला तळ उघडायचा झाला की खरी अडचण कळते.

तळाला रबराच्या चार गुट्ट्या असतील तर त्या आधी काढा. गुट्ट्या तशाच ठेवून मधल्या मोकळ्या जागेत पट्टी लावली तर ती खालच्या पट्टीला नीट टेकतच नाही. हॅमंड १५९०बी किंवा १२५बी प्रकारच्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांत कोपऱ्यांवरच्या स्क्रूंची डोकी कधी कधी किंचित वर राहतात. पट्टी त्यांच्यावरून नेऊ नका, मधल्या सपाट भागात ठेवा. तळाला बारीक स्विच किंवा बॅटरीचं झाकण असेल तर तेही मोकळं सोडा.

स्वच्छ तळ, कोरडी हवा आणि एक रात्र

पत्रा मोकळा झाला म्हणजे काम झालं असं नाही. बोटांचं तेल, नीलगिरीचा पातळ थर, पावडर कोटिंगवरची धूळ, यांतलं काहीही उरलं तर गोंद त्यालाच चिकटतो, पत्र्याला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ सुती फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हे अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं तिथे मिळतं.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. एसीच्या खोलीतून गार पेडल बाहेरच्या दमट हवेत आणलं की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो. आधी पेडल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग हेअर ड्रायरने कोमट करा आणि लगेच पट्टी लावा. गोंदाच्या बाजूला बोट लागू देऊ नका. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण उचकटणं नेहमी टोकदार कोपऱ्यापासून सुरू होतं. मग अंगठ्याने, शरीराचं वजन घालून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत जा.

त्यानंतर थांबा. थ्रीएमच्या अ‍ॅक्रिलिक गोंदाबद्दल कंपनी जे आकडे देते ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत: खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण ५० टक्के पकड, २४ तासांत ९० टक्के, ७२ तासांत पूर्ण. कार्यक्रमाच्या दुपारी, साउंडचेकच्या आधी घाईघाईने लावलेली पट्टी संध्याकाळी सुटते ती यामुळे. निदान आदल्या रात्री तरी लावा, आणि त्या रात्री पेडल पट्टीवर दाबून राहील असं काहीतरी जड वर ठेवा.

टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मीटरवर मिळतो तो वेल्क्रो शिवायचा असतो, त्याच्या पाठीला गोंद नसतो. तो आणून ग्लू गनने चिकटवलेले बोर्ड मी बरेच बघितले आहेत. ग्लू गनचा गोंद पत्र्यावर पडताच थंड होतो, नीट पसरत नाही आणि नंतर अख्ख्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. पाठीला गोंद असलेली पट्टीच घ्या आणि शक्य असेल तर अ‍ॅक्रिलिक गोंदाची.

जास्त घट्ट पट्टीमुळेही पेडल सुटतं

वेल्क्रोला कंटाळलेले लोक ड्युअल लॉककडे वळतात. त्यात काटे आणि मऊ धागे असा फरक नसतो, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या बारीक छत्र्या असतात आणि त्या एकमेकींत खटकन बसतात. १७०, २५० आणि ४०० हे आकडे दर चौरस इंचात किती छत्र्या आहेत ते सांगतात. पेडलसाठी २५०वर २५० ही जोडी चांगली बसते. एसजे३५५० म्हणून मिळते ती काळी पट्टी याच प्रकारची. वेल्क्रोत पेडल थोडं डुलतं, यात डुलत नाही, आणि वाजवणाऱ्याच्या पायाला हा फरक लगेच जाणवतो.

पण इथे लोक एक गोष्ट विसरतात. ही पकड इतकी जबर असते की पूर्ण तळ भरून पट्टी लावली तर पेडल काढताना छत्र्या सुटण्याआधी गोंदच सुटतो. म्हणजे पट्टी जेवढी जास्त, तेवढा पहिला जोड धोक्यात. बॉसच्या आकाराच्या पेडलला पुढे एक आणि मागे एक, अशा दोन आडव्या पट्ट्या पुरतात. छोट्या १५९०ए डब्याची रुंदी जेमतेम ३८ मिमी असते, त्याला मात्र जवळजवळ सगळा तळ द्यावा लागतो.

काढण्याची रीतही बघा. चिकट गोंद सरळ दाब आणि आडवा ओढ चांगला सोसतो, पण एका कडेकडून सोलणं त्याला अजिबात सोसत नाही. आपण पेडल काढताना नेमकं तेच करतो, एक बाजू धरून वर ओढतो. बऱ्याच बोर्डांवर खरी झीज वाजवताना होतच नाही, पेडल बदलताना होते. वेल्क्रो असेल तर पेडल दोन्ही हातांनी धरून आधी हलकेच पिळा, मग उचला. ड्युअल लॉक असेल तर भिंतीला लांबी लावतात ती रुंद पत्ती दोन पट्ट्यांच्या मधोमध सरकवा आणि छत्र्या एका टोकाकडून सोडवत न्या. ज्यांची पेडलं दर आठवड्याला बदलतात त्यांनी साधा वेल्क्रोच ठेवावा. ज्यांचा बोर्ड वर्षभर तसाच असतो त्यांना ड्युअल लॉक.

दुसरा जोड, म्हणजे पट्ट्यांची एकमेकींतली पकड, सुटत असेल तर काम सोपं आहे. काट्यांत केस, धागे, गालिच्याची लोकर अडकलेली दिसेल. जुन्या टूथब्रशने किंवा सुईने ती काढा. मऊ पट्टीचे धागे पिंजून उभे राहिले असतील तर ती बदला, दुरुस्ती नाही. बोर्डला मऊ आणि पेडलला काट्यांची पट्टी हा रिवाज पाळा. म्हणजे मित्राचं पेडल उसनं आणलं तरी बसतं.

तिसरा जोड: बोर्ड

घरी केलेल्या बोर्डवर तिसरा जोड जातो. कच्च्या प्लायवर किंवा एमडीएफवर लावलेला गोंद लाकडाचा भुसा आणि तंतू धरतो, आणि ओढ बसली की तेच तंतू घेऊन वर येतो. सुटलेल्या पट्टीच्या पाठीवर लाकडाची बारीक साल दिसते. सुतारकाम चालूच असेल तर वरून सनमायका लावून घ्या. त्यावर पट्टी फार छान बसते. नाहीतर लॅकर किंवा ऑइल पेंट, आणि तोही पूर्ण सुकू द्या. वर कोरडा आणि आत ओला असलेला रंग पट्टीबरोबर सोलून येतो. लाकडी बोर्डवर मऊ पट्टीला कडेने स्टेपलर पिना मारल्या तर काहीच बिघडत नाही, उलट कडा उचलली जाण्याचा प्रश्नच मिटतो.

फूटस्विच आणि वाह: इथे गणित वेगळं

आतापर्यंतचे उपाय करून बोर्डवरची सगळी पेडलं बसतात आणि अ‍ॅम्पचा दोन बटनांचा फूटस्विच किंवा टॅप टेम्पोचा (पायाने ताल देऊन इफेक्टचा वेग ठरवायचा) छोटा स्विच तेवढा हलत राहतो. याचं कारण वजन आणि ठेवण. पेडलला निदान ओतीव धातूचं वजन असतं. फूटस्विच बरेचदा हलका, आतून जवळजवळ पोकळ, आणि बटन एका कडेला. बटन दाबलं की वेल्क्रोचा मऊ थर त्या बाजूला दबतो आणि समोरची कड वर उचलली जाते. एका गाण्यात टॅप टेम्पोवर किती वेळा पाय पडतो याचा विचार करा. तेवढ्या वेळा गोंदाची मागची कड सोलली जाते.

म्हणून इथे पट्टी कुठे आहे याला तिच्या लांबीपेक्षा जास्त महत्त्व आहे. दोन बटनांच्या स्विचला पट्ट्या दोन टोकांना लावा, अगदी कडेपर्यंत. मधोमध एकच रुंद पट्टी लावली तर तो तिच्यावर झोपाळा होतो. एका बटनाच्या स्विचला पट्टी बटनापासून लांबच्या कडेपर्यंत गेली पाहिजे. फूटस्विचसाठी मी सरळ ड्युअल लॉक सुचवतो, कारण इथे मऊ थर नसणं हाच अर्धा उपाय आहे.

बोर्ड अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: स्विच दोन दांड्यांवर टेकतोय का? छोटा स्विच बरेचदा एकाच दांडीवर बसतो आणि त्याचं बटन दोन दांड्यांच्या मधल्या पोकळीवर येतं. मग जगातली कुठलीही पट्टी त्याला स्थिर ठेवू शकत नाही. दोन दांड्यांवर आडवी टाकता येईल अशी अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लायची पट्टी कापा, ती खालून नट-बोल्टने किंवा केबल टायने घट्ट करा आणि स्विच तिच्यावर बसवा.

वाहला, म्हणजे पाय पुढे-मागे झुलवून आवाज बदलायच्या पेडलला, तर दोन्ही दिशांनी मार बसतो, कधी टाचेकडून, कधी चवड्याकडून. शिवाय तो चालू करायला चवड्यावर शरीराचा भार द्यावा लागतो. डनलॉपचा क्राय बेबी जीसीबी९५ सुमारे पावणेदोन किलोचा आहे. त्याच्या खालच्या रबरी गुट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि तेच स्क्रू तळाचा पत्राही धरून ठेवतात. गुट्ट्या काढल्यात तर पत्रा लटकणार. तेच लांब स्क्रू गुट्टीशिवाय परत घातले तर गुट्टीच्या जाडीइतके जास्त आत जातील, म्हणून त्याच आट्यांचे आखूड स्क्रू आणि वॉशर वापरा. स्क्रू नमुन्याला बरोबर घेऊन जा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, इथे सुट्टे मिळून जातात.

सायकलची साखळी

वाह, मोठे स्विच आणि कधीच न हलणारी पेडलं यांच्यासाठी गोंद सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जगभरचे गिटारवाले सायकलच्या साखळीच्या कड्या वापरतात आणि हा उपाय खरोखर नामी आहे. साखळीची बाहेरची पत्ती इंग्रजी आठच्या आकाराची, दोन भोकांची असते आणि भोकांमधलं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. पेडलच्या तळाचा एक स्क्रू काढायचा, पत्तीच्या एका भोकातून परत घालायचा आणि पत्तीचं दुसरं भोक पेडलच्या बाहेर येईल असं वळवायचं. त्या भोकातून बोर्डमध्ये लाकडी स्क्रू. चार कोपऱ्यांना चार पत्त्या लावल्या की पेडल जागचं हलत नाही, आणि पेडलला एकही नवीन भोक पाडावं लागत नाही.

नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे जुनी साखळी पडलेली असते. पिना त्याच्याकडूनच काढून घ्या, त्याच्याकडे त्याचं हत्यार असतं. पत्त्या रॉकेलमध्ये घासून ग्रीस पूर्ण काढा. पेडलचा स्क्रू भोकातून जातो का ते हातात धरून बघा. घट्ट होत असेल तर कानशीने भोक किंचित मोठं करा. पत्तीच्या जाडीमुळे स्क्रूची आतली लांबी थोडी कमी होते. पकड अपुरी वाटली तर जरा लांब स्क्रू घ्या, पण अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या मऊ असतात हे ध्यानात ठेवून शेवटचा फेरा बोटांच्या जोरानेच द्या. बोर्डमध्ये जाणारा स्क्रू प्लायच्या जाडीपेक्षा आखूड हवा. १२ मिमीच्या प्लायला १० मिमीचा पुरे, नाहीतर टोक खालून बाहेर येऊन पॉवर सप्लायची वायर कापेल. स्क्रूआधी बारीक भोक पाडलं तर प्लाय फुटत नाही.

पेडल ओढणारी केबल

सगळं करूनही एकच पेडल, तेही बोर्डच्या टोकाचं, सुटत असेल तर केबल बघा. गिटारकडून येणारी लांब केबल थेट पहिल्या पेडलमध्ये जात असेल, तर तुम्ही दोन पावलं मागे गेलात किंवा गायकाने तिच्यावर पाय दिला की सगळी ओढ त्या पेडलच्या जॅकवर आणि त्याखालच्या गोंदावर येते. केबलचा एक वेटोळा बोर्डच्या दांडीला किंवा कडेला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधा आणि पेडलपर्यंत थोडी सैल केबल सोडा. जॅकचं आयुष्यही त्याने वाढतं.

पेडलांमधल्या छोट्या केबलींचंही असंच. जाड, ताठ केबल दोन पेडलांमध्ये कोंबून बसवली की ती स्प्रिंगसारखी दोघांना सतत ढकलत राहते. पेडल दर कार्यक्रमात एकाच दिशेला दोन-चार मिमी सरकत असेल तर बहुधा हेच कारण. केबल काढा, पेडल सरळ करा आणि तिथे थोडी लांब किंवा लवचिक केबल लावा.

गाडी, ऊन आणि टेम्पो

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बोर्ड तासभर राहिला की साधा रबरी गोंद मऊ पडतो. अ‍ॅक्रिलिक गोंद बराच जास्त टिकतो. गोव्यातली फेस्तं, कोकणातल्या जत्रा, लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, यांचा सगळा प्रवास टेम्पोने आणि बहुतेक वेळा भर दुपारी होतो. त्यात बॅग आडवी-उभी कशीही लागते, म्हणजे गरम झालेल्या गोंदावर पेडलचं वजन तासन्‌तास लटकत असतं. बॅग बंद करताना पेडलांवर फोमचा तुकडा किंवा दुमडलेला टॉवेल असा ठेवा की झाकण त्याला दाबेल आणि तो पेडलांना. मुक्कामी पोचल्यावर बोर्ड लगेच उचलून स्टेजवर लावू नका. सावलीत थोडा वेळ आडवा ठेवा, गोंद गार होऊ द्या आणि मग प्रत्येक पेडलच्या चारही कडा अंगठ्याने दाबून घ्या.